लोक काय म्हणतील, याचं गणित

साताऱ्यात 22 ऑक्टोबर 2011 रोजी एक आगळाच नामकरण समारंभ झाला. जिल्ह्यातल्या 285 मुलींना त्या दिवशी नवी नावं मिळाली. त्यांना आजवर ‘नकुशी’ म्हणत. नकुशी म्हणजे नको असलेली. मुलीमागून मुलगी झाली की तिचं नाव नकुशी ठेवायचं, मग पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी ही समजूत. त्या दिवशी कुणी वैशाली झाली, कुणी ऐश्वर्या. शाळेच्या हजेरीत रोज ती जुनी हाक ऐकणाऱ्या पोरीला त्या दिवशी काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

अशी समजूत टिकते कशी आणि हलते कशी? यावर अभ्यासकांनी चक्क गणितं मांडली आहेत. समाजाचं गणित म्हटलं की आपल्याला निवडणूक आठवते. पण हे गणित तसलं नव्हे. हे बोटांवर मोजण्याइतकं सोपं आहे.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1978 साली ते मांडलं. आपण ते आपल्या गावात आणून बघू. 100 घरांचं गाव धरा. पोरीला असं नाव ठेवू नये, हे प्रत्येक घराला कमीअधिक पटलेलं आहे. पण आधी किती घरांनी सोडलं म्हणजे आपण सोडायचं, याचा प्रत्येकाचा आकडा वेगळा. एका घराचा आकडा शून्य. त्याला कुणाची वाट बघायची नाही. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शेवटच्या घराचा 99. पहिल्यानं सोडलं, ते बघून दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. बघता बघता सगळा गाव बदलला. आता फक्त एकच बदल करा. दुसऱ्या घराचा आकडा एकऐवजी दोन धरा. पहिलं घर सोडतं आणि तिथंच सगळं थांबतं. उरलेली 99 घरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

बाहेरचा माणूस म्हणेल, ते गाव सुधारलेलं आणि हे गाव मागासलेलं. प्रत्यक्षात दोन्ही गावांत फरक एका घराचा! ‘लोक काय म्हणतील’ असं आपण म्हणतो, तेव्हा हे लोक म्हणजे कोण? शेजारच्या घराच्या दृष्टीनं आपणच की ते लोक. साताऱ्याचा समारंभ मला मोलाचा वाटतो तो यामुळं. हीच नावं एकेकीनं निरनिराळ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत जाऊन बदलली असती, तर शेजारच्या गावालाही पत्ता लागला नसता. 285 जणींचं एकाच दिवशी, चारचौघांत झालं, म्हणून ‘आधी दुसऱ्यांनी करावं’ म्हणणाऱ्यांना मोजायला दुसरे मिळाले.

कधी हे लोण फारच झपाट्यानं पसरतं. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, त्या काही तासांत. चमचाभर दुधाला खर्च तो किती! तिथं सगळ्यांचेच आकडे लहान होते.

पण या गणिताला एक मोठी अडचण आहे. ते चालतं डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर. नाव दिसतं, बारसं दिसतं. सोनोग्राफीच्या खोलीत काय ठरलं ते दिसत नाही. गर्भलिंगचाचणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं 1988 साली केला, केंद्राचा कायदा 1994 साली आला. तरी 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं सातारा जिल्ह्यात मुली 878, सांगलीत 851. राज्याचा आकडा 913 होता. साखर कारखाने, बँका, शिक्षणसंस्था, सगळं काही असलेले हे जिल्हे! पुढं मार्च 2017 मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण सापडले. तोवर ‘मुलगा-मुलगी समान’ हे वाक्य गावोगावच्या भिंतींवर रंगवून झालं होतं.

तिमूर कुरान या अर्थशास्त्रज्ञानं 1995 साली आपल्या पुस्तकात नेमकं हेच सांगितलं. माणसाचं एक मत मनातलं, एक जनातलं. जनातलं मत आधी बदलतं. मग मनातलं मत गप्प बसतं, पण मरत नाही. आणि उघडपणे कुणी बोलतच नाही म्हटल्यावर त्याला खोडून काढायलाही कुणी मिळत नाही. सासरी तिसऱ्या खेपेचा लकडा सोसणाऱ्या सुनेची यात फार कुचंबणा होते. तिनं सांगितलं, तरी ‘आमच्यात असलं काही नाही’ असंच उत्तर येतं.

हेगसेलमान आणि क्राउझे या जर्मन अभ्यासकांनी 2002 साली आणखी एक मांडणी तपासली. माणूस ऐकतो ते आपल्या मताच्या जवळपास असणाऱ्याचंच, असं धरलं तर काय होतं? समाजाचे गट पडतात आणि ते एकमेकांचं ऐकेनासे होतात. व्यासपीठावरून ‘तुम्ही खुनी आहात’ म्हणणारा वक्ता टाळ्या घेतो त्या पटलेल्यांच्या. दोन मुलींवर थांबलेली, मळ्यात शेजारी भांगलणारी जाऊ मात्र ऐकू जाते. ती फार पुढं गेलेली नसते, दोन पावलंच पुढं असते. तिला कुणी व्यासपीठावर बोलावत नाही. दुसऱ्या घराचा आकडा दोनावरून एकावर आणणारी बहुधा तीच असते.