माळ कुणी घालायची?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "घराण्याचा वारसा आणि मुलांवरचे संस्कार" असा विषय दिला. मी त्यांना म्हटले, यावर बोलायला शिकलेल्या बाया पुष्कळ आहेत. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी वारी आहे ना? मग तिचेच सांगा." म्हणून आमच्या वारीचे सांगते. ते सांगायचे तर घरातली एक झाकलेली गोष्ट उघडी करावी लागते. यजमानांना विचारूनच करते आहे. तेव्हा उद्या रस्त्यात भेटले तर त्यांच्याकडे कोणी वेगळ्या नजरेने पाहू नये, एवढी विनंती.

आमच्याकडे आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पायी जाण्याची वहिवाट आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखीचे प्रस्थान होते आणि आषाढ शुद्ध दशमीला ती पंढरपुरात पोचते. अडीचशे किलोमीटरांच्या आसपासची वाट आहे. आबा, म्हणजे माझे सासरे, सतराव्या वर्षापासून जात. त्यांच्या आधी त्यांचे वडील जात. दिंडीत पुढे पताकावाले, मग टाळकरी, मृदंगी, विणेकरी आणि त्यांच्यामागे डोक्यावर तुळस नि पाण्याची घागर घेतलेल्या बायका, अशी चाल असते. आबांकडे पताका. कापड विटले की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नवे शिवून देत. त्या गेल्यावर मी देऊ लागले. काठी मात्र आबांच्या वडिलांच्या हातची होती.

आणि माळ. १०८ मण्यांची तुळशीची माळ एकदा गळ्यात पडली की मांस-मद्य वर्ज्य, खोटे बोलायचे नाही, परस्त्री आईसारखी, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, रोज हरिपाठ आणि वर्षाची वारी. दुसऱ्याच्या गळ्यात पाहायला सोपी वाटते. आमच्या घरी मुलगा मिसरूड फुटण्याच्या वयाचा झाला की माळ घालायची, म्हणजे तो घरातला पुरुष झाला, असा शिरस्ता होता.

ह्यांना सोळाव्या वर्षी माळ घातली गेली. मुलगा उनाड निघतो आहे, माळ घाला म्हणजे ताळ्यावर येईल, असा आत्याबाईंनी धोशा लावला होता. आबांनी पंढरपुरास नेऊन घातली. पुढे नोकरी लागली, तिथे संगत लागली आणि पिणे सुरू झाले. माळेचा धाक मनात होता, म्हणून पिण्याआधी हे ती गळ्यातून काढीत आणि दाराआडच्या खिळ्याला अडकवीत. सकाळी आंघोळ झाली की पुन्हा गळ्यात. मी तो खिळा वर्षानुवर्षे पाहिला. संध्याकाळी त्याच्यावर माळ दिसली की मुलांना लवकर जेवायला वाढून निजवीत असे. मुलांनी काही पाहू नये म्हणून ही सगळी धडपड. मुलांना तो खिळा माझ्याइतकाच ठाऊक होता, हे मला फार उशिरा कळले.

आबांना कळले तेव्हा ते ह्यांना बोलतील, घर डोक्यावर घेतील, असे मला वाटले होते. ते चौकटीशी उभे राहून त्या माळेकडे पाहत राहिले आणि मला म्हणाले, "सूनबाई, ती त्यानं घातलीच नव्हती. मी घातली होती." त्यांनी माळ काढून देवघरात ठेवली आणि ह्यांना त्याबद्दल एक अक्षर विचारले नाही.

एवढे पाहूनही मला शहाणपण आले नाही. २०१९ साली माझा मुलगा सोळा वर्षांचा झाला, तेव्हा मीच म्हणू लागले की कार्तिकीला याला माळ घाला. वडिलांचे बिघडले ते याच्या गळ्यातून दुरुस्त होईल, असे काहीतरी माझ्या मनात असावे. चार पाहुण्यांदेखत मी विषय काढला. मुलगा म्हणाला, "कोणती? खिळ्यावरची का?" मी त्याला फाडकन मारले. वाढत्या मुलावर, लोकांदेखत, हात टाकला. आबा उठले आणि माझा हात धरून म्हणाले, "पोरी, तो नाही म्हणतोय. नाही म्हणता येतंय त्याला, हे काय वाईट आहे?"

त्यानंतर घरात माळेचा विषय निघाला नाही. माझ्या धाकट्या मुलीने मात्र एकदा भाकरी थापता थापता विचारले, "आई, मला का नाही कुणी विचारलं?" बायकांनाही माळ असते, माळकरी बाया वारीत किती चालतात, हे मला ठाऊक होते. तरी तिला उत्तर देता आले नाही.

२०२० साली करोनामुळे पायी वारी बंद झाली. माउलींच्या पादुका एसटीतून पंढरपुरास गेल्या. २०२१ सालीही तसेच झाले. आबांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. ते म्हणाले, "बसायची वारी मला येत नाही," आणि पहाटे उठून अंगणात चालू लागले. तुळशीवृंदावनापासून परसातल्या लिंबापर्यंत, लिंबापासून वृंदावनापर्यंत. फेरी झाली की ताटलीत एक चिंचोका टाकायचा. मुलगा पायरीवर मोबाइल घेऊन कॉलेजचा अभ्यास ऐकत बसलेला असे. दोन-तीन दिवसांनी पाहते तो ताटली त्याच्या मांडीवर. आबांना वाकायला त्रास होतो म्हणून चिंचोके तोच टाकू लागला होता.

त्या दिवसांत आजोबा-नातवांचे बोलणे चाले. मी दारामागून ऐकत असे. मुलगा विचारी आणि आबा काही लपवीत नसत. १९४७ साली साने गुरुजींनी विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण केले. आबांनी सांगितले की आपले वडील तेव्हा उपोषणाच्या विरुद्ध बोलत होते. ज्या चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, जिथे आपण डोके टेकतो, त्या चोखोबांच्या लोकांना आत येऊ देऊ नये असे म्हणत होते. मुलाने विचारले, "मग त्यांचीच काठी तुम्ही कशी नेता?" आबा म्हणाले, "काठी नेतो. त्यांचं ते म्हणणं ठेवून आलो." माझ्या हातातले निसणे तसेच राहिले. सासरच्या थोरांविषयी असे बोललेले मी कधी ऐकले नव्हते.

दुसरी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्यासाठीच होती की काय, कोण जाणे. देहूची पालखी सुरू केली ती तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी, १६८५ साली. आणि तुकोबा गेले तेव्हा हे नारायण महाराज आईच्या पोटात होते असे सांगतात. म्हणजे ज्या वडिलांच्या पादुका त्यांनी पालखीत ठेवल्या, त्या वडिलांना त्यांनी पाहिलेलेही नव्हते. भगिनींनो, मग त्यांना बाप सांगितला कोणी? जिजाईने, गावाने सांगितला असेल. आपले कीर्तनकार जिजाईला कजाग म्हणून रंगवतात आणि आपणही पदर तोंडाला लावून हसतो. नवरा डोंगरावर जाऊन बसलेला, घरात दाणा नाही, तिने बोलू नये तर काय करावे? त्याच बाईचा हा मुलगा. मला त्या दिवसापासून तिच्या गोष्टीला हसू येत नाही.

२०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली. २१ जूनला आळंदीहून प्रस्थान होते. आबांचे गुडघे तोवर पार गेले होते. घरातून कोणी जायचे, हा प्रश्न कोणी बोलून दाखवीना. हे तर मान खाली घालूनच बसले. तेव्हा मुलगा म्हणाला, "आबा, मी तुमच्या बदली जातो. माळ नाही घालणार." आबा म्हणाले, "जा. पण तिथं विचारतील तेव्हा खरं सांग."

त्याने खरे सांगितले. दिंडीच्या मालकांना म्हणाला, "माझ्या गळ्यात माळ नाही. आबांच्या बदली आलोय." त्यांनी पताका काही लगेच दिली नाही. तंबू उतरवायचे, टँकरवरून पाणी भरायचे, रात्री पंगतीत वाढायचे, हे काम दिले. नीरेवर माउलींच्या पादुकांना स्नान घालून पालखी लोणंदला आली, तेव्हा मला राहवले नाही. लाडवांचा डबा घेऊन मी एसटीने लोणंद गाठले. त्या गर्दीत दिंडी सापडायलाच दोन तास गेले. तंबूत पाहते तो हा एका म्हाताऱ्याचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळीत बसलेला. घरी स्वतःचे ताट उचलीत नसे! मी हाक मारणार होते, पण मारली नाही. बाहेरच थांबले. तेवढ्यात त्या म्हाताऱ्यांनी पाय खाली घेतले, हात जोडले आणि वाकून माझ्या मुलाच्या पायांना हात लावला. वारीत लहान-थोर एकमेकांच्या पाया पडतात, सगळे एकमेकांना माउली म्हणतात, हे मी जन्मभर ऐकत आले. पण माझ्या एकोणीस वर्षांच्या पोराचा चेहरा त्या क्षणी कसा झाला, तो मला सांगता येणार नाही. तो एकदम उभाच राहिला.

लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण होते. तिथे मालकांनी त्याच्या हातात पताका दिली.

परत आल्यावर आबांनी पायांचे फोड पाहिले आणि काय काय पाहिलेस म्हणून विचारले. तो समाजआरतीचे सांगत बसला. मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमतात, टाळ-मृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार आपला दंड वर करतात आणि हजारो माणसे एकदम गप्प होतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवीतच राहते. मग तिची तक्रार ऐकून घेतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात आणि मगच आरती होते. हे सांगून तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, तू मला मारलंस ना, तेव्हा मी टाळच वाजवत होतो असं समज." मी हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

म्हातारे पाया पडले तेव्हा कसे वाटले, हे आबांनी विचारले. तो म्हणाला, "पळून जावंसं वाटलं. आपण त्या लायकीचे नाही असं वाटलं." आबा म्हणाले, "मलाही साठ वर्षं तसंच वाटतंय."

२०२३ च्या थंडीत आबा गेले. त्यांची माळ त्यांच्या गळ्यातच राहिली, त्यांच्याबरोबर गेली. आमच्या वाट्याला काठी आली. ह्यांची माळ अजून देवघरात डबीत आहे. ह्यांचे पिणे सुटून आता पाच वर्षे झाली, पण ती माळ त्यांनी पुन्हा घातलेली नाही आणि मी घाला म्हणत नाही. खिळा दाराआड तसाच आहे. मी एकदा उपटायला गेले, तर हेच म्हणाले, "राहू दे. दिसलेला बरा."

मुलगा आता कामाला आहे. वारीचे अठरा-वीस दिवस रजा बिनपगारी पडते, तरी दर वर्षी जातो. परवा जेवताना मीच विचारले, बिचकतच विचारले, की आता माळेचे काय मनात आहे. तो म्हणाला, "निभेल की नाही ते बघतोय. खोटं बोलायचं नाही, हे एकच कलम वर्षभर पाळून पाहिलं. सहा महिन्यांत चार वेळा मोडलं. गळ्यात नव्हती म्हणून मोजता तरी आलं." चार वेळा कुठे कुठे, ते मी विचारले नाही.

मुलीने मात्र या कार्तिकीला माळ घ्यायची म्हणून स्वतः ठरवले आहे. तिने आम्हांला विचारले नाही, नुसते सांगितले. पताकेचे कापड यंदा पुन्हा विटले आहे. भगवे सुती कापड दीड वार आणून ठेवले आहे. मंडळाचे शिवणयंत्र एका दुपारी मोकळे असेल तर चिटणीसबाईंनी मला कळवावे.