संपाला मत, समेटाला का नाही?



कामगार संघटनांचा विचार करणारी ही परिषद भिवंडीत भरावी, याला औचित्य आहे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरणगावातले साचे थांबले, आणि मालकांनी आपले बरेचसे कापड इथल्या यंत्रमागांवर विणून घेतले. संप फसला त्याची कारणे सांगताना सरकारचा हट्ट, मालकांचे डावपेच आणि यंत्रमागांची स्पर्धा यांचा उल्लेख होतो. ती कारणे खरीच आहेत. पण कामगाराच्या मनात सलत राहिले ते पुढाऱ्यांचे वागणे. कुणाला वाटते, मान्यताप्राप्त संघटना असलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाने दगा दिला. कुणाला वाटते, संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांनी वाऱ्यावर सोडले. यातले खरे काय, याचा निवाडा करण्याचे साधनच कामगाराच्या हाती नव्हते. म्हणून पुढारी प्रामाणिक आहे का, हा प्रश्न मी दुसरा मानतो. त्याला जाब विचारता येतो का, हा पहिला.

1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना मानली. सभासदसंख्येची अट पुरी झाल्याची नोंद निबंधकाकडे झाली की मालकाशी बोलण्याचा हक्क तिचाच. ही संघटना कोणती, हे ठरवताना कामगारांचे गुप्त मतदान होत नव्हते. त्यामुळे 1981 च्या बोनसवरून असंतोष पेटला, तेव्हा मान्यताप्राप्त संघटनेची कमिटी बदलण्यापेक्षा सामंतांच्या दारी जाणे कामगारांना सोपे वाटले. पण तिथेही संप चालू ठेवायचा की तडजोड करायची, हे ठराविक मुदतीने मत घेऊन ठरवण्याचे बंधन कुणावर नव्हते. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. जो तो आपापल्या हिमतीवर, मिळेल त्या अटीवर गेटवर परतला. हजारोंना तर परत घेतलेच नाही. एका संघटनेला सरकारी नोंदीचा आधार होता, दुसरीला सामंतांवरच्या विश्वासाचा. सभासदाचे मत दोन्हीकडे बाहेरच राहिले.

हे दुखणे जुने आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 साली गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या आणि पुढे रविवारची सुट्टी मिळवून दिली. तरी त्यांच्या मिल हँड्स असोसिएशनला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, अशी नोंद 1892 च्या सरकारी कारखाना अहवालात आहे. लोखंडे निःस्पृह होते म्हणून ते निभावले; पण प्रत्येक पिढीला लोखंडे मिळत नाहीत. 1926 च्या कामगार संघटना कायद्याने सभासदाला संघटनेच्या हिशेबवह्या पाहण्याचा हक्क दिला. महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघटना मान्यता कायद्याने मान्यताप्राप्त संघटनेला संपाच्या नोटिशीआधी बहुसंख्य सभासदांचे मत घेण्याची सक्ती केली. मात्र संप मिटवताना किंवा करारावर सही करताना सभासदांचे मत घ्यावे, अशी सक्ती केली नाही. घरची चूल बंद ठेवायला कामगाराची संमती लागते; ती कोणत्या अटीवर पेटवायची, हे मात्र दुसराच कुणी ठरवतो. दगा झाल्याची भावना बहुधा इथेच जन्म घेते.

करारावरही सभासदांचे मत घ्यावे आणि हिशेब त्यांच्यापुढे उघड ठेवावा, या मागणीवर पहिला आक्षेप असा, की घरातले भांडण चव्हाट्यावर आले तर मालकाचे फावते. पण मालकाला संघटनेतली नाराजी आधीच ठाऊक असते. ठाऊक नसतो तो सभासदाला संघटनेचा जमाखर्च. दुसरा आक्षेप, की वाटाघाटीत गुप्तता लागतेच. लागते, पण मसुदा तयार होईपर्यंत. अंतिम मसुदा सभासदांपुढे ठेवल्याने ती मोडत नाही. उलट 'माझे लोक हे मान्य करणार नाहीत' असे सांगताना पुढाऱ्याच्या शब्दाला वजन येते. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: असे नियम संघटनांना कमकुवत करण्यासाठीच आणले जातात. ब्रिटनमध्ये थॅचर सरकारने 1984 साली गुप्त मतदानाची सक्ती केली ती संघटनांना वेसण घालण्यासाठी, आणि अमेरिकेतला संघटनांच्या अंतर्गत कारभारावरचा 1959 चा कायदाही संघटनांतला भ्रष्टाचार उघडकीस आल्यावर, कामगारांच्या बाजूने नसलेल्यांच्या पुढाकाराने आला. हे खरे आहे. म्हणूनच सरकारने बडगा उगारण्याआधी संघटनांनी हे नियम आपल्या घटनेत स्वतः लिहावेत.

भिवंडीत याची निकड अधिक आहे. 1971 च्या कायद्यातली मान्यतेची तरतूद पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी; इथे माग लहान लहान कारखान्यांत विखुरलेले. कामगार उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला, भिस्सीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, जेवणारा, शेतीच्या दिवसांत गावी जाणारा. दर मीटर कापडामागे मिळणाऱ्या मजुरीचा दर त्याच्या माघारी ठरला, तर तो त्याला पगाराच्या दिवशीच कळणार. म्हणून कराराचा मसुदा हिंदी, उर्दू, तेलुगू आणि मराठीत भिस्सीच्या भिंतीवर लागला पाहिजे, गेटवर वाचून दाखवला पाहिजे आणि त्यावर गुप्त मतदान झाले पाहिजे. वर्षाचा जमाखर्च वर्गणीच्या पावतीइतका सहज हाती पडावा. ठराविक संख्येने सभासदांनी सह्या केल्या, की पदाधिकाऱ्याला मुदतीआधी विश्वासमताला सामोरे जावे लागावे.

आज नाराज सभासदापुढे दोनच वाटा आहेत: गप्प बसणे, नाहीतर संघटना सोडणे. दोन्हींत कामगार एकटा पडतो. संघटनेत राहून जाब विचारण्याची तिसरी वाट खुली करण्याचा ठराव या परिषदेने करावा, आणि त्याची पहिली अंमलबजावणी या व्यासपीठावर बसलेल्यांच्या संघटनांत व्हावी, एवढे सांगून मी थांबतो.