तिरुवैयारूची समाधी आणि नागरत्नम्मा



भजनपरंपरेविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. पंढरीविषयी आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणून आज आम्ही श्रोत्यांस कावेरीकाठी, तंजावरजवळच्या तिरुवैयारू गावी नेऊ इच्छितो. संत त्यागराजांचे (१७६७–१८४७) वास्तव्य तेथे होते, आणि तंजावरच्या गादीवर त्या काळी भोसल्यांचे घराणे होते. राजा मराठी, प्रजा तमिळ आणि संताची वाणी तेलुगू, असा तो योग!

त्यागराजांनी उंछवृत्ती पत्करली होती. रामनाम गात गल्लोगल्ली फिरावे आणि मिळेल त्या तांदळावर संसार चालवावा, असा त्यांचा नेम. त्यांच्या सुमारे ७०० रचना आज उपलब्ध आहेत. त्यांतील कित्येक कृती व्युत्पन्न गवयांसही जन्मभर पुरतील अशा आहेत. तथापि त्यांची दिव्यनाम कीर्तने साध्या चालींची, दहाजणांनी मिळून म्हणावयाची आहेत. ज्यांनी गाणे असे सर्वांपुढे मांडून ठेवले, त्यांच्याच समाधीपाशी पुढे गाण्याच्या अधिकाराचा तंटा माजला.

पुण्यतिथीच्या आराधनेवरून भक्तांत दोन तट पडले. तट दोन, उत्सवही दोन; स्त्रियांनी समाधीपुढे गाऊ नये, एवढ्यापुरते मात्र दोघांचे एकमत होते!

अशा वेळी बंगळूरच्या नागरत्नम्मा (१८७८–१९५२) पुढे आल्या. त्या देवदासी कुळातल्या आणि मोठ्या नामांकित गायिका होत्या. तंजावरच्या प्रतापसिंह महाराजांच्या दरबारातील मुद्दुपळनी या कवयित्रीचे काव्य त्यांनी १९१० साली छापून काढले होते, आणि त्यापायी सरकारचा रोषही ओढवून घेतला होता. समाधीची दुर्दशा त्यांस त्यांचे गुरू बिडारम कृष्णप्पा यांजकडून कळली. त्यांनी जागा मिळविली, स्वतःची कमाई ओतली आणि समाधीवर मंदिर उभारले. १९२५ साली तेथे प्रतिष्ठापना झाली. एवढे करूनही आराधनेत त्यांस गाता येईना! तेव्हा १९२७ च्या सुमारास त्यांनी स्त्रियांचा तिसराच मेळा जमविला आणि मंदिराच्या मागील अंगास गायन आरंभिले. पुढे १९४० च्या सुमारास तट मिटले, आणि स्त्रियाही पुरुषांच्या बरोबरीने गाऊ लागल्या. आज नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री या रागांतील पंचरत्न कृती तेथे शेकडो कंठांतून एकाच वेळी उठतात. नागरत्नम्मांची मूर्ती त्यागराजांच्या समाधीकडे मुख करून, हात जोडून बसलेली आहे.

हे सारे सांगण्यास एक निमित्त घडले. या व्याख्यानाच्या तयारीसाठी आम्ही आपल्या ज्ञातिमंडळाच्या जुन्या स्मरणिका चाळल्या. भजनास बसलेल्या पुरुषांची नावे, टाळकरी-मृदंगी यांच्यासुद्धा, तेथे छापलेली सापडली. स्त्रियांविषयी ‘भगिनीवर्गाने फराळाची व्यवस्था चोख ठेवली’ एवढेच एक वाक्य, बहुतेक प्रत्येक वर्षी तेच! वस्तुतः आमच्या आजीस शेकडो पदे मुखोद्गत होती आणि आमचे आजोबा चाल विसरले की तिलाच विचारीत. तिचे नाव त्या पानांत नाही; आम्हीही ते कधी छापावयास दिले नाही.

येत्या स्मरणिकेत अशा गाणाऱ्या आज्या-मावश्यांची यादी छापावी, असे आम्ही कार्यकारी मंडळास सुचविले असून ते मान्य झाले आहे. ज्यांच्या घरी पदांच्या वह्या असतील, त्यांनी त्या चिटणिसांकडे आणून द्याव्या. उतरून घेऊन परत करण्याची हमी आम्ही घेतो.