बाजाराचे शिक्षण गावाजवळ
(घोटी येथे पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासाठी योजलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मराठीत एकाच व्यवहारासाठी दोन शब्द रूढ झाले आहेत. शासनाच्या दप्तरात शेतमालाच्या खरेदी-विक्रीच्या व्यवस्थेला ‘पणन’ म्हणतात; महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात त्याच विषयाला ‘विपणन’ हे नाव असते. शब्द दोन झाले, तशा वाटाही दोन झाल्या. बाजार समितीच्या आवारात माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला महाविद्यालयात काय शिकवितात याची वार्ता नसते, आणि वाणिज्य शाखेचा विद्यार्थी लिलावाच्या ओट्याजवळ क्वचितच उभा राहिलेला असतो. या दोन वाटा घोटीसारख्या गावी एकत्र आणता येतील काय, आणि त्यातून तेथील तरुणांना उपजीविकेचे साधन लाभेल काय, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

घोटीचे स्थान

इगतपुरी तालुका हा नाशिक जिल्ह्यातील मुसळधार पावसाचा प्रदेश. साहजिकच भात हे त्याचे मुख्य पीक. घोटी ही या भाताची पेठ. मुंबई-आग्रा महामार्ग आणि मध्य रेल्वे येथून जातात. सिन्नरकडे व भंडारदऱ्याकडे जाणारे रस्ते येथूनच फुटतात. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा तो मार्ग याच तालुक्यातून मुंबईच्या दिशेने उतरू लागला. दळणवळणाच्या दृष्टीने इतके अनुकूल स्थान फार थोड्या गावांच्या वाट्याला येते.

परंतु रस्ता माल नेतो, तसा माणसेही नेतो. बारावी किंवा पदवी झालेला तरुण गोंद्याच्या कारखान्यात, नाशिकला अथवा मुंबईला रोजगार शोधतो. भात पिकविणारे घर आणि शिकलेला मुलगा यांचा संबंध सुगीपुरता उरतो. विक्रीचा निर्णय मात्र घरातील वडीलधारी माणसे पूर्वीप्रमाणेच, हाती असलेल्या तुटपुंज्या माहितीवर घेत राहतात.

शिक्षणाची पूर्वपीठिका

गावाजवळ राहून, काम करीत व्यवसायाचे शिक्षण घ्यावे ही कल्पना जगाला नवी नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे सार्वजनिक महाविद्यालय निघाले. पुढे अशा संस्था ‘सामुदायिक महाविद्यालये’ म्हणून त्या देशभर पसरल्या. परिसरातील कामधंद्यांना लागणारे शिक्षण परिसरातच द्यावे, हे त्यांचे सूत्र. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात याच नावाची योजना हाती घेतली.

महाराष्ट्राला तर ही परंपरा घरचीच आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ हे तत्त्व प्रत्यक्षात आणले. १९८८-८९ पासून राज्यात किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम उच्च माध्यमिक स्तरावर सुरू झाले. विपणन व विक्रयकला हा त्यांतील एक विषय होता. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठी अभ्यासकेंद्रांचे जाळे या विद्यापीठाने राज्यभर विणले. इगतपुरी येथे मराठा विद्या प्रसारक समाजाचे महाविद्यालय आहे. म्हणजे संस्थांचा पाया घातला गेलेला आहे. अभ्यासक्रमाला पेठेशी जोडण्याचे काम उरले आहे.

बाजाराचा अभ्यास म्हणजे काय?

विपणन म्हणजे जाहिरात, गोड बोलणे आणि आकर्षक वेष्टन, असा एक समज आहे. तो दूर व्हावयास हवा. नाशिक येथे १९०१ मध्ये जन्मलेले थोर अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याच्या फळबाजाराची पाहणी केली व ती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. बाजार समजून घ्यावयाचा तर त्याच्या आवारात जाऊन मालाचा आणि पैशाचा माग काढावा लागतो, हा तिचा धडा आजही लागू आहे.

हा माग घोटीच्या भाताबाबत कसा काढता येईल? गणितासाठी गृहीत धरलेल्या आकड्यांचे एक उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याकडे १०० किलो भात आहे. जागेवर त्याला किलोला २५ रुपये, म्हणजे २,५०० रुपये मिळतात. तांदूळ करून विकला तर? समजा ५० किलो अखंड तांदूळ आणि १२ किलो कणी मिळाली. तांदूळ ५० रुपयांनी व कणी २५ रुपयांनी विकली, तर हाती २,८०० रुपये येतात. त्यातून भरडाई २००, पाच किलोच्या दहा पिशव्यांचे १२० आणि वाहतुकीचे १०० असे ४२० रुपये वजा जाता २,३८० उरतात. दर दुप्पट दिसला तरी १२० रुपयांचा तोटा झाला. तोच तांदूळ ६० रुपयांनी गेला, तर खर्च वजा जाता २,८८० उरतात आणि ३८० रुपयांचा लाभ होतो. पण एक पिशवी जरी विकल्यावाचून राहिली, तरी लाभ ८० रुपयांवर येतो.

हे गणित ज्याला करता येते, त्याला बाजाराचे पहिले शिक्षण मिळाले. पुढचे शिक्षण प्रतवारीचे, साठवणुकीचे व कायद्याचे. बंद पिशवीवर निव्वळ वजन, किंमत आणि भरणाऱ्याचे नाव-पत्ता असावा लागतो, हे वैधमापनशास्त्राचे नियम सांगतात. खाद्यपदार्थाच्या व्यवसायासाठी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये नोंदणी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे शिक्षण सचोटीचे आहे. इंद्रायणी या वाणाला शहरात नाव आहे. त्या नावाखाली दुसराच तांदूळ विकला गेला, तर एका दुकानदाराला क्षणिक नफा होतो आणि साऱ्या खोऱ्याची पत जाते. आजरा घनसाळ आणि मुळशीकडील आंबेमोहर या तांदळांनी भौगोलिक मानांकन मिळविले आहे. असे नाव राखण्यासाठी गावोगावच्या उत्पादकांना एकच प्रत वर्षानुवर्षे सांभाळावी लागते.

रोजगाराच्या वाटा

असे शिक्षण घेतलेल्यांना काम कोठे मिळेल, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. भातगिरणीचे हिशेब, गोदामाची व्यवस्था, बाजार समितीची दप्तरे, बियाणे-खतांची विक्री, महिला बचत गटांची खरेदी-विक्री येथे हिशेबी माणूस हवा असतो. आदिवासी विकास महामंडळाची स्थापना १९७२ मध्ये झाली. त्याचे मुख्यालय नाशिक येथेच आहे आणि आदिवासी भागात आधारभूत किमतीने भात खरेदी करण्याचे काम ते पाहते. दिंडोरी तालुक्यात मोहाडी येथे ‘सह्याद्री’ या शेतकरी उत्पादक कंपनीने द्राक्षे व इतर फळे-भाज्यांच्या प्रक्रियेचे आणि निर्यातीचे मोठे काम उभे केले आहे. केंद्र शासनाने २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना जाहीर केली. अशी संस्था कागदावर नोंदविणे सोपे असते. ती चालविण्यास मागणीचा अंदाज घेणारा आणि उधारी वसूल करणारा व्यवस्थापक लागतो, व तोच बहुधा मिळत नाही.

तथापि केवळ प्रमाणपत्राने हे साधणार नाही. वर्गात टिपणे लिहून परीक्षा देणारा विद्यार्थी पेठेत अनोळखीच राहतो. शिवाय वाडीवरून येणाऱ्या मुलीला महाविद्यालयाचे शुल्क माफ झाले तरी बसभाडे पडते आणि दिवसाची मजुरी बुडते. शिक्षण मोफत असले तरी दिवस मोफत नसतो. म्हणून शिकण्याच्या काळात थोडी कमाई होईल अशीच योजना हवी.

करण्याजोगे काही

यासाठी तिघांनी तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याला एका पोत्याचा प्रवास शेतापासून गिऱ्हाइकापर्यंत लिहून आणावयास सांगावे. प्रत्येक टप्प्यावरील खर्च व दर त्यात असावा, आणि गुण त्या वहीला असावेत. पंचायत सदस्यांनी ग्रामपंचायतीबाहेर एक फळा लावून बाजार समितीचे दर रोज लिहिण्याचे काम एका विद्यार्थ्याकडे किंवा विद्यार्थिनीकडे मानधनावर सोपवावे. अधिकाऱ्यांनी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा उपयोग करून गिरण्या, गोदामे व सहकारी संस्थांमधून विद्यावेतनावर जागा मिळवून द्याव्यात आणि शिकाऊ मुलांना केवळ पोती मोजावयास न लावता हिशेबाच्या वह्या उघडून दाखवाव्यात, याकडे लक्ष पुरवावे.

या तिन्ही गोष्टींना मोठी इमारत लागत नाही. त्यांचे फळ मात्र मोजता येते. अभ्यासक्रम सुरू झाल्यानंतर दोन सुग्या जाऊ द्याव्यात. त्यानंतर ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी तो शिकली, त्या घराने भात केव्हा, कोणाला व कोणत्या दराने विकला आणि हा निर्णय घेण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडला होता काय, एवढे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे येऊ लागले, म्हणजे शिक्षण घोटीच्या पेठेत पोहोचले असे समजावयास हरकत नाही.