पालकसभेत मूलच बोलू द्या

(मालवण येथे शिक्षक, वसतिगृह-सेवक व स्वयंसेवक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पालकसभा कशी होते हे आपण सारे जाणतो. टेबलाच्या एका बाजूला गुरुजी, दुसऱ्या बाजूला आईबाप, आणि ज्याच्याविषयी बोलणे चालते ते मूल बाहेर व्हरांड्यात. कातकरी वाडीतील आईला ही सभा नकोशी वाटते. दिवसाची मजुरी बुडवायची, वाचता न येणाऱ्या प्रगतिपुस्तकावर अंगठा उठवायचा आणि "पोराला रोज पाठवा" एवढे ऐकून परतायचे. दोनदा असे झाले की तिसऱ्यांदा ती येत नाही. आणि घराचा शाळेशी संबंध तुटला की मुलाची शाळा सुटायलाही वेळ लागत नाही.

यावर एक साधा उपाय सुचवतो. मुलाला सभेत बसवा आणि बोलणेही त्यालाच करू द्या. अमेरिकेतील अनेक शाळांत ही पद्धत आहे. मूल आपली वही, चित्रे, चाचणीचे पेपर घेऊन बसते आणि काय येते, काय येत नाही, कोणती मदत हवी, हे स्वतः सांगते. गुरुजी शेजारी असतात, पण कमी बोलतात.

आपल्या जिल्ह्याला ही रीत परकी वाटू नये. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीची पोथी समोर धरतात, एकेक चित्र दाखवतात आणि कथा सांगतात. ऐकणाऱ्याला अक्षरओळख लागत नाही. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मुलाची वही हीही त्याची पोथीच समजा. "आये, ह्यां बघ, ह्यां माका वाचूक येता," असे म्हणून त्याने दोन ओळी वाचल्या, तर निरक्षर आईलाही लेकराची प्रगती कळते. मालवणी असो, ठाकरांची बोली असो की कातकऱ्यांची, त्या वेळी घरचीच भाषा चालू द्या.

कोणी विचारील, आपल्या मुलांना असे बोलता येईल का? फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या 14 वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि 1855 साली तो मिशनच्या 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मुलांकडे सांगण्यासारखे असतेच. त्यांना जागा मोठ्यांनी द्यायची असते.

नियमांचीही आडकाठी नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रगतिपुस्तकात मुलाने स्वतः केलेल्या मूल्यमापनालाही स्थान दिले आहे.

आता करायचे कसे? सभेआधी आठवडाभर मुलाकडून तयारी करून घ्या. एक चांगले जमलेले काम, एक न जमलेले आणि पुढे काय शिकायचे ते, एवढे तिन्ही त्याने निवडावे. प्रत्येक कुटुंबाला पंधरा मिनिटे द्या. सभा मजुरीच्या वेळेत नको. संध्याकाळी वाडीतच घेतली तर उत्तम. शेवटी आईबापांनाही विचारा, "घरी हा काय काय करतो?" खेकडे पकडणे, जाळे विणणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे हेही शिक्षणच आहे. ते गुरुजींना कळले पाहिजे.

दोन गोष्टी मात्र टाळा. पाठ केलेले भाषण म्हणवून घेऊ नका, आणि गैरहजेरीचा जबाब मुलाकडून मागू नका. आईबापांबरोबर भट्टीवर गेलेले मूल स्वतःच्या मनाने गेलेले नसते. तो प्रश्न आपण मोठ्यांनी, मूल समोर नसताना, आईबापांशी आदराने बोलायचा. स्थलांतराच्या काळात मूल नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात राहू शकेल का, हेही तेव्हाच ठरवायचे.

येत्या सत्रात प्रत्येकाने निदान एका वर्गात हे करून पाहावे, एवढी विनंती करतो आणि थांबतो. देव आपल्या कामाला यश देवो.