ऑफर कुणाला, कर्ज कुणाचं?

(स्त्री संघटनांच्या कार्यकर्त्या आणि महाविद्यालयीन मुली यांच्या एकत्रित शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



काल दिवसभर आपण पोटगी, मारहाण, रेशनकार्ड यांवर बोललो. आज मला दिलेला विषय त्या मानाने लांबचा वाटेल. आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात परदेशी एम.ए. करायला निघालेल्या मुलींनी प्रवेशाची पत्रं, शिष्यवृत्ती आणि पुढची नोकरी यांचा विचार कसा करावा, असा तो विषय आहे. रात्री जेवताना एकीने मला विचारलंच, "ताई, हा आपला प्रश्न आहे का हो? हा तर शहरातल्या पैसेवाल्यांच्या मुलींचा प्रश्न."

तो आजवर तसा राहिला, म्हणूनच तो आपला प्रश्न आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धची समिती आज आपण कारखान्यात, कॉलेजात, पंचायत समितीत मागतो. ती कुठून आली? राजस्थानातल्या साथिन भंवरीदेवींवर १९९२ मध्ये बलात्कार झाला. त्यानंतर स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९७ च्या विशाखा निकालात न्यायालयाने आधार घेतला तो 'सीडॉ' या आंतरराष्ट्रीय कराराचा. आपल्याकडे तेव्हा तसा कायदा नव्हता, पण भारताने १९९३ मध्ये त्या करारावर शिक्कामोर्तब केलं होतं. म्हणजे परदेशातल्या एका सभागृहात ठरलेला मजकूर आपल्या तालुक्यातल्या बाईच्या उपयोगी पडला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाचे शब्द येणार होते. तिथे 'सर्व मानव' यावं म्हणून आग्रह धरला तो हंसा मेहता यांनी. त्या खोलीत एक भारतीय बाई होती, म्हणून ते झालं.

तेव्हा त्या खोलीत कोण बसतं, हा आपल्या कामाचा प्रश्न आहे. आज तिथे जायची वाट बहुधा महागड्या पदवीतून आणि बिनपगारी उमेदवारीतून जाते. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातल्या इंटर्नशिपला आजही वेतन नाही. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हासारख्या महाग शहरात काही महिने स्वतःच्या खर्चाने राहायचं, मग ओळखी, मग कधीतरी काम. ज्यांच्या घरात पैसा आहे त्यांच्याच मुली तिथवर पोचणार आणि आपल्या वतीने बोलणार.

आता एक अनुभव सांगते. आमच्या केंद्रात येणारी एक मुलगी मार्च महिन्यात पेढे घेऊन आली. वडील एस.टी.त वाहक, आई शिवणकाम करते. मुलगी हुशार, बी.ए.ला पहिली आलेली, आमच्याबरोबर दोन वर्षं समुपदेशनाचं काम केलेली. अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठाचं पत्र तिच्या हातात होतं आणि त्यात 'स्कॉलरशिप' हा शब्द होता. लंडनचंही एक पत्र होतं, त्यात तो शब्द नव्हता. घरात, गल्लीत, कॉलेजात सगळ्यांनी अमेरिका ठरवून टाकली होती. उत्तर द्यायला एप्रिलच्या मध्यापर्यंत मुदत होती.

आम्ही कागद घेऊन हिशेबाला बसलो. अमेरिकेतली फी वर्षाला साठ हजार डॉलर, शिष्यवृत्ती वर्षाला वीस हजार. म्हणजे ती फीमधली सवलत होती, हातात पैसा येणार नव्हता. दोन वर्षांची उरलेली फी ऐंशी हजार, राहण्या-जेवण्याचे आणि विम्याचे वर्षाला तीस हजार धरले तर आणखी साठ हजार. एकूण एक लाख चाळीस हजार डॉलर. डॉलरला ८५ रुपये धरले तर एक कोटी एकोणीस लाख रुपये. लंडनचा अभ्यासक्रम एक वर्षाचा. फी आणि राहणं मिळून त्रेचाळीस हजार पौंड, पौंडाला ११० रुपये धरून सुमारे सत्तेचाळीस लाख. शिष्यवृत्ती असलेलं पत्र शिष्यवृत्ती नसलेल्या पत्रापेक्षा अडीचपट महाग निघालं!

अकरा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचं म्हटलं, तर सत्तेचाळीस लाखांचा हप्ता महिन्याला पासष्ट हजारांच्या आसपास येतो, आणि एक कोटी एकोणीस लाखांचा एक लाख चौसष्ट हजारांच्या आसपास. शिकत असताना साठलेलं व्याज यात धरलेलं नाही. वडिलांनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "मग घर लावू की." घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढची पडवी.

इथे मला थांबायचं आहे. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका बहुधा तारण मागतात. मोजक्या नामवंत विद्यापीठांसाठी ही अट काही ठिकाणी सैल असते, खाजगी वित्तसंस्था तारणाशिवायही देतात, पण व्याज चढं लावतात. तारण म्हणजे घर किंवा जमीन. ती कुणाच्या नावावर असते? बापाच्या, काकाच्या, आजोबांच्या. आईच्या नावावर क्वचित, मुलीच्या नावावर जवळजवळ नाहीच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. कायद्याने दिला, आणि आपण हक्कसोडपत्रावर सह्या करून तो भावांना परत दिला. त्यामुळे मुलगी कर्ज मागायला जाते तेव्हा तिला घरातल्या पुरुषांची मर्जी मागावी लागते. मर्जीला अटी असतात. "आधी साखरपुडा उरकून जा." "शिक्षणावर एवढा खर्च झाला, आता वाट्याचं नाव काढू नकोस." भावाच्या इंजिनिअरिंगसाठी जमीन गहाण पडते तेव्हा त्याच्याकडून हक्कसोड कुणी लिहून घेत नाही. मुलींनो, शिक्षणाच्या बदल्यात मालमत्तेच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. करायची वेळ आलीच, तर आधी आपल्या वकील मैत्रिणीला दाखवा.

आता कर्जाची दुसरी बाजू. पुढची नोकरी कर्जच ठरवतं. ही मुलगी कशासाठी निघाली होती? तिला स्थलांतरित घरकामगार बायकांच्या हक्कांवर काम करायचं होतं. आपल्याकडे परत येऊन ते काम केलं तर महिन्याला एक लाख चौसष्ट हजारांचा हप्ता कोण भरणार? तिला अमेरिकेतच राहावं लागणार, तेही जो पगार देईल त्याच्याकडे. आणि राहता येईल याची तरी खात्री कुठे आहे? तिथे पदवीनंतर कामासाठी साधारण एक वर्ष मिळतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी आणखी दोन वर्षांची वाढ आंतरराष्ट्रीय संबंधांच्या बहुतेक अभ्यासक्रमांना लागू होत नाही. पुढे एच-वन-बी व्हिसाची सोडत. परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर सप्टेंबर २०२५ मध्ये एक लाख डॉलरचं शुल्क लावलं गेलं. इतका खर्च छोटी मानवी हक्क संघटना एका नव्या मुलीसाठी करेल का?

नोकऱ्यांचंही बघा. अमेरिकन सरकारची मदत देणारी यूएसएड ही संस्था २०२५ मध्ये बंद झाली. तिच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी जगभर माणसं कमी केली. संयुक्त राष्ट्रांनीही त्याच वर्षी खर्चकपात आणि पदकपात सुरू केली. तिथल्या कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या बऱ्याचशा जागांचा खर्च श्रीमंत देश स्वतःच्या नागरिकांसाठी करतात, त्या आपल्या मुलींना खुल्या नसतात. आपल्याकडे परदेशी देणग्यांचा कायदा २०२० मध्ये आणखी कडक झाला, आलेला पैसा एका संस्थेने दुसरीला देणं बंद झालं. त्याचा फटका लहान संस्थांना बसला. माहितीपत्रकावर निळ्या झेंड्यापुढे उभी असलेली हसरी मुलगी दिसते. पदवी घेतलेल्यांपैकी किती जणी सहा महिन्यांत पगारी कामाला लागल्या, त्यांत परदेशी नागरिक किती आणि पगार किती, हे पत्र पाठवून विचारा. सांगत नसतील, तर तेही एक उत्तरच आहे.

लंडनच्या एक वर्षातही खाचा आहेत. जानेवारी २०२४ पासून तिथे साध्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना नवरा किंवा मूल बरोबर नेता येत नाही. नियम सर्वांना सारखा म्हणतात, पण तान्हं मूल घरी ठेवून जाणारे बाप नेहमीच होते. आईला तसं जाऊ देणारं घर किती?

मग तुम्ही म्हणाल, ताई, तुम्हीही शेवटी मुलींना घरीच बसा म्हणता! हे मी स्वतःलाही विचारलं. आनंदीबाई जोशी १८८३ साली बोटीने अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. तेव्हा शहाण्यासुरत्यांनी त्यांना हिशेबच सांगितले असतील. सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये भारतीय परराष्ट्र सेवेत आल्या, तेव्हा लग्न केलं तर राजीनामा देईन असं बाईकडून लिहून घेत. विवाहित बाईला नेमणुकीचा हक्कच नाही, असाही नियम होता. बढती डावलली तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कडक ताशेरे ओढले. पुढे चोकिला अय्यर, निरुपमा राव, सुजाता सिंह परराष्ट्र सचिव झाल्या. दार उघडावं लागतं, ते आत जाऊनच उघडतं. म्हणून माझं म्हणणं 'जाऊ नका' असं नाही. जा, पण परत यायची आणि नाही म्हणायची मोकळीक विकून जाऊ नका.

तशा वाटा आहेत. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या एम.ए.चा पूर्ण खर्च देते. त्यासाठी दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. आपल्या कार्यकर्तीला ही अट म्हणजे अडचण नव्हेच. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीला तीन वर्षांचा अनुभव लागतो. युरोपातल्या इरास्मुस मुंडुस अभ्यासक्रमांच्या शिष्यवृत्तीत फी माफ होते आणि दरमहा राहण्याचा खर्चही मिळतो. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही, मात्र वर्षभराच्या राहण्याचे सुमारे बारा हजार युरो आधी खात्यात दाखवावे लागतात. पीएच.डी.ला अमेरिकेतली चांगली विद्यापीठं फी माफ करून निर्वाहभत्ता देतात, एम.ए.ला बहुधा देत नाहीत. हा फरक माहीत नसल्याने कित्येक मुली कर्जात पडतात. टाटांचा जे. एन. टाटा एंडोमेंट निधी १८९२ पासून उच्च शिक्षणासाठी सवलतीचं कर्ज देतो. कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर त्याच्या सुरुवातीच्या लाभार्थींपैकी एक.

अनुसूचित जातींच्या मुलींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही आहे. पण डोळे उघडे ठेवा. केंद्राच्या शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय समाज, इतिहास आणि संस्कृती यांवरचे विषय वगळण्यात आले. म्हणजे दलित मुलीने परदेशी जाऊन जातीचा अभ्यास करायचा, तर त्याला पैसा नाही. २०२५ मध्ये १०६ जणांची निवड झाली आणि निधीचं कारण देऊन सुरुवातीला ४० जणांनाच पत्रं मिळाली. यादीत नाव येणं आणि पैसा हातात पडणं यांत अंतर असतं. त्या अंतरात आंदोलन करावं लागतं आणि ते एकट्या विद्यार्थिनीने करायचं नसतं.

शिवाय सगळ्याच वाटा विमानतळावरून जात नाहीत. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातली आंतरराष्ट्रीय अभ्यासाची शाळा १९५५ पासूनची, आणि तिथली फी आपल्या आवाक्यातली. परराष्ट्र सेवेच्या परीक्षेला परदेशी पदवी लागत नाही. इथे एम.ए., दोन-तीन वर्षं काम, मग पूर्ण शिष्यवृत्तीवर परदेश, हा क्रम लांबचा वाटला तरी स्वस्त आहे.

आता संघटना म्हणून आपण काय करायचं? चार गोष्टी सुचवते. प्रत्येक जिल्ह्यात एकीने तरी या शिष्यवृत्त्यांच्या तारखांची वही ठेवावी. कित्येकींचे अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी माहिती कळल्यामुळे राहून जातात. अर्ज आणि इंग्रजीच्या परीक्षेची फी भरायला छोटा फिरता निधी उभारावा. मुलींनी लिहिलेलं निवेदन वाचून द्यायला गावातल्या प्राध्यापिकांना बसवावं. आणि पत्र आलं की पेढ्यांच्या आधी हिशेबाचा कागद काढावा. त्यात आई असलीच पाहिजे. विद्यापीठाला "आणखी किती देऊ शकाल?" असं विचारायला लाजू नये. बाजारात भाव करणाऱ्या बायका आपण, तिथेच का गप्प बसायचं?

त्या मुलीने अमेरिकेला विचारलं. त्यांनी आणखी पाच हजार डॉलर देऊ केले. तिने दोन्ही पत्रांना नकार कळवला. सल्ला माझा होता, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या जूनमध्ये ती दिल्लीला एम.ए.ला गेली. सुट्टीत केंद्रात येते, घरकामगारांच्या नोंदणीला बसते. येत्या हंगामात शिष्यवृत्तीचा अर्ज भरणार आहे. मिळेलच असं नाही. परवा तिची आई मला म्हणाली, "ताई, तुमच्यामुळे पोरगी अमेरिकेला गेली नाही." मी काही बोलले नाही. मग त्याच म्हणाल्या, "पण घर आहे. आणि तिच्या लग्नाचं अजून कुणी काढलेलं नाही."

ती परत येईल तेव्हा त्या घरात तिचा वाटा असला पाहिजे. तेवढं आपण बघूया.