मोटारीतील संगीतामागचे गणित
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



पावसाळ्यात भुशी धरणाकडे जाणाऱ्या मोटारींतून गाणी ऐकू येतात. ती वाजतात कशी, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

या व्यवस्थेचे मुख्य भाग तीन. रेडिओ किंवा मोबाइलकडून गाण्याचा अत्यंत क्षीण विद्युत संकेत मिळतो. ॲम्प्लिफायर बॅटरीची शक्ती घेऊन त्याला बलवान करतो. हा प्रवाह स्पीकरमधील चुंबकाजवळच्या तारेच्या वेटोळ्यातून जातो. वेटोळे मागेपुढे हालते, त्याला जोडलेला पडदा हवा हालवतो आणि गाणे ऐकू येते. खंडाळ्याच्या घाटात एफ.एम. खरखरते, तो यंत्राचा दोष नव्हे. त्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि डोंगर त्यांना अडवतो.

आता गणित पाहू. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. २४० वॉट शक्ती घेणारा ॲम्प्लिफायर जोडला, तर २४० भागिले १२, म्हणजे २० अँपिअर प्रवाह वाहणार. घरी २३० व्होल्टवर तेवढ्याच शक्तीला सुमारे एक अँपिअर पुरतो! तार बारीक असेल तर ती तापते. त्याच तारेतून दुप्पट प्रवाह गेला की उष्णता चौपट होते. म्हणून तार जाड हवी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. तार घासून पत्र्याला टेकली, तर फ्यूज वितळतो आणि गाडी वाचते.

माझा एक विद्यार्थी नववीतच शाळा सोडून गॅरेजमध्ये लागला. हात मोठा कुशल. एकदा त्याने फ्यूज न लावताच तार जोडली. तार जळाली, गाडी थोडक्यात बचावली. त्याचे काम मात्र गेले. नंतर भेटला तेव्हा म्हणाला, “सर, हे पुस्तकात होतं का?” होते. पण तो धडा शिकवला, त्या दिवशी त्याचा बाक रिकामा होता.

पालकहो, मुलाने गॅरेजमध्ये काम करू नये, असे मी म्हणत नाही. हुनर ही अल्लाहची देणगी आहे. पण हुनराला इल्मची जोड हवी. निदान दहावी पूर्ण होऊ द्या. पुढे आय.टी.आय.चा मार्ग आहेच.

आणि मुलांनो, बंद गाडीत आवाज बेताचाच ठेवा. कानातील नाजूक पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा येत नाहीत. स्पीकर बदलता येतो, कान बदलता येत नाही.